काठावरची खाच

पुढची बाजू

"प्रभातीच्या ताऱ्या," पुढच्या खोलीतून प्रार्थना सांगणाऱ्या न्या तोमासाचा आवाज आला.

"आमच्यासाठी विनंती कर," सगळी खोली म्हणाली.

स्वयंपाकघरात मिर्तावहिनीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर, चिपा-पावांच्या टोपलीशेजारी ठेवली. गाठ सोडली नाही. नुसतं नवऱ्याकडे पाहिलं.

"आत्ताच?" विल्फ्रीदो म्हणाला. "बाबांचं वर्षश्राद्ध आहे आज. प्रार्थना तरी होऊ दे."

"प्रार्थना झाली की तुम्ही सगळे दफनभूमीत जाणार. तिथे रडणार, एकमेकांच्या गळ्यात पडणार. आणि परतीच्या वाटेवर गाडीत मला म्हणणार, अगं, बोलायचं राहिलंच बघ."

एलादियो चुलीपाशी होता. यर्बाची पानं आणि साखर निखाऱ्यावर करपवून त्याने मोठ्या पातेल्यात पाणी ओतलं होतं. पुढच्या खोलीतल्या सगळ्यांना पुरेल इतका कोसिदो, हा करपवलेला चहा, व्हायला हवा होता. त्याने वळून पाहिलं नाही. काहीतरी आहे हे त्याला सकाळीच कळलं होतं. विल्फ्रीदो गाडीतून उतरला तेव्हा एलादियोने तेरेरेचं, थंड पाण्यातल्या यर्बाचं, शिंग भरून आधी त्याच्या हातात दिलं, आणि विल्फ्रीदोने एक घोट घेऊन म्हटलं, "आभार." पहिल्याच घोटाला. या घरात 'आभार' म्हणजे पुरे, मला पुन्हा देऊ नकोस. ते म्हणायची वेळ शिंग पाच-सहा वेळा फिरल्यावर येते.

तरी तो मनात म्हणाला होता, उत्तरेचा वारा सुटलाय. अशा वाऱ्यात कुत्रीसुद्धा नीट वागत नाहीत.

"ब्लासिदा," विल्फ्रीदो म्हणाला, "तूही ऐक."

ब्लासिदाताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून क्रूसाच्या कापडाची शेवटची झालर टाचत होती. बाबांच्या थडग्यावरच्या क्रूसाचं गेल्या वर्षीचं कापड पावसाने पिवळं पडलं होतं. आज नवं चढवायचं. तिने दातांनी दोरा तोडला. "मी बहिरी नाही, दादा. बोल."

विल्फ्रीदोने गाठ सोडली. रुमालात बाबांचं पदक होतं. चाकोच्या युद्धातल्या बोकेरोनच्या वेढ्याच्या आठवणीसाठी त्यांच्या तुकडीने काढलेलं: मधोमध विहीर, दोन्ही बाजूंनी ताडाच्या फांद्या, वर एक तारा. गेल्या ऑगस्टमध्ये बाबांच्या छातीवरून ते विल्फ्रीदोनेच काढून घेतलं होतं.

"माझा नातू आता लष्करी शाळेत जाणार. शपथेच्या दिवशी त्याच्या छातीवर लावायचं म्हणून नवी फीत शिवायला दिलं, असुन्सियोनच्या एका दुकानात. त्या माणसाने भिंग लावलं. आणि हसला."

"हसला?" ब्लासिदा म्हणाली.

"म्हणाला, कॅप्टनसाहेब, हे छापाखाली दाबलेलं नाही. हे ओतलेलं आहे. अक्षरांचे कोपरे बघा, साबणासारखे गोल. नक्कल आहे ही."

"दुःखितांच्या सांत्वना," न्या तोमासा म्हणाली.

"आमच्यासाठी विनंती कर."

"नक्कल कशी करतात माहितीये?" मिर्ता म्हणाली. ती ब्लासिदाशी बोलत होती, पण पाहत होती चुलीकडे. "मीही विचारलं त्याला. म्हणाला, खऱ्याचा साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. ज्याला साचे घेता येतात, त्याच्या हातचा मळ."

पातेलं उतू गेलं आणि निखारे चर्र करून विझले.


मागची बाजू

ब्रिसुएलांच्या घरात पदक माणसाबरोबर जमिनीत जातं आणि ठसा भिंतीवर राहतो. हे कुणी ठरवलं ते सांगता येणार नाही. चाकोच्याही साठ वर्षं आधीच्या मोठ्या युद्धानंतर पिरायू गावात पुरुष म्हणावा असा कोणी उरला नव्हता, तेव्हा बायकांनी नवऱ्यांची पदकं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून पुरून टाकली. आणि पुरण्याआधी विटांच्या मातीत दाबून घेतली. पणजी कासियानाने दाबलेल्या चकत्या मागच्या खोलीच्या भिंतीवर सगळ्यांत वरच्या रांगेत आहेत. पदकं कुठे पुरली ते तिच्याबरोबर गेलं. गावातली निम्मी माणसं अजून आपापल्या परसात पुरलेल्या चांदीसाठी खड्डे खणत असतात. एलादियोला कधी कुदळ घ्यावीशी वाटली नाही. त्याला चकत्या पुरेशा होत्या.

जुने ठसे त्याने कुठून कुठून आणले. चर्चच्या कपाटातून, मेणबत्त्यांच्या तुकड्यांखालून. बंद पडलेल्या शाळेतून, जिथे एका मास्तरने कधीकाळी मुलांना इतिहास शिकवायला प्लास्टरची पदकं केली होती आणि मुलांनी ती ठिकऱ्यांसारखी खेळून निम्मी फोडली होती. एका म्हातारीच्या बटणांच्या डब्यातून. तुटलेला ठसा तो तुटका टांगायचा. डागडुजी करायची नाही. ठसा विकायचा नाही, द्यायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही. त्याचे नियम एवढेच.

लग्न राहून गेलं. राहून जातं कधी कधी. मग चाकोच्या युद्धातली माणसं एकेक करून जायला लागली, आणि एलादियोला गावोगावच्या मयतांची बोलावणी येऊ लागली. तो प्लास्टरचा डबा, साबण आणि डुकराच्या केसांचा ब्रश घेऊन जायचा. प्रेताच्या छातीवरून पदक उचलायचं, साबण चोळायचा, वर प्लास्टर ओतून ताटली टेबलावर आपटायची म्हणजे बुडबुडे निघून जातात. मग थांबायचं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. घरची माणसं त्याच्याभोवती उभी असायची, आणि तो म्हणायचा, "हात लावा." बायका लावायच्या. मेलेल्या माणसाच्या खोलीत ती एकच गोष्ट ऊबदार असायची. त्यावेळी सगळी त्याच्या अगदी जवळ यायची, खांद्याला खांदा लावून. मग प्लास्टर निवायचं, आणि तो डबा उचलून बसस्टॉपवर जायचा. घरी त्या साच्यातून ठसा काढायचा; ठसा भिंतीवर, साचा पेटीत.

आता खाच.

एलादियोचा पहिला साचा बाबांच्याच पदकाचा. अर्ध्या चड्डीतला पोरगा, साबण लावायला विसरला. प्लास्टरने पदक धरून ठेवलं ते सोडेना. त्याने आईची भाजीची सुरी घातली आणि जोर लावला. पदक सुटलं, पण खालच्या फांदीच्या टोकाखाली, काठावर, एक खाच पडली. बाबांनी पदक हातात घेतलं. खाचेवरून अंगठा फिरवला. पोरगा थप्पड खायला गाल पुढे करून उभा.

"बरं झालं," दिग्नो ब्रिसुएला म्हणाले. "सगळ्यांची सारखीच दिसतात. आता माझं कुठलं ते कळेल. जा, साबण आण."

आणि आता आस्तेरियो.

चाकोच्या काटेरी रानात पाणी संपलं, तेव्हा दिग्नोंचा दोस्त आस्तेरियो कुणालाही न विचारता ठाणं सोडून गेला. परतला तो पखाल भरून. दिग्नो त्या पाण्यावर जगले. पण मधल्या वेळात हजेरी झाली होती, आणि आस्तेरियोच्या नावाला 'पळपुटा' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. युद्ध संपलं. पदकं वाटली. त्याला नाही. त्याची बायको तोमासा हिला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, आवाज असा की चर्चची घंटा लाजावी. पण पळपुट्याच्या बायकोला कोण बोलावणार मयताच्या घरी? विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका आपापले घडे उचलायच्या.

आस्तेरियो वारला, तेव्हा दिग्नो काळा कोट घालून गेले. खिशातून एक डबी काढली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंत्रालयातून आलंय. उशीर केला हरामखोरांनी." आणि मेलेल्या दोस्ताच्या छातीवर पदक टोचलं. त्या वेळी तोमासाने काढलेला आवाज एलादियो कधी विसरला नाही.

तो प्लास्टरचा डबा घेऊन पुढे झाला. पदक उचललं, साबण चोळायला लागला, आणि अंगठा खाचेत गेला.

त्याने मान वर केली. शवपेटीच्या पलीकडे बाबा उभे होते. टोपी हातात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कर तुझं काम," बाबा म्हणाले.

पुढे इतकी वर्षं दोघं एका छपराखाली राहिले, पण या गोष्टीवर एक शब्द निघाला नाही. पुढच्या संचलनाला बाबांच्या छातीवर पदक होतं. लुके गावच्या कुठल्याशा सोनाराने ओतून दिलेलं. बाबांनी मूळ पदक साचा घेण्यासाठी त्याच्याकडे आधीच नेलं असणार. आणि सोनार भला माणूस; त्याने गिऱ्हाइकाला न विचारता, वर पैसे न घेता, नकलेतली खाच भरून काठ सारखा करून दिला होता.

त्या मयतानंतर बायका तोमासाला बोलवायला लागल्या. आधी एक घर, मग गाव; तोमासाची न्या तोमासा, तोमासाबाई, झाली. आता तर तिच्याशिवाय पिरायूत कुणी नीट मरतही नाही.


पुन्हा पुढची बाजू

"एली," ब्लासिदा म्हणाली. "बोल ना रे काहीतरी."

एलादियो विझलेले निखारे चिमट्याने बाजूला करत होता. "काय बोलू?"

"अरे, म्हण की तो दुकानदार खोटारडा आहे! दादाला कोणीही गंडवतं. उभी नोकरी लष्कराच्या गोदामात काढली याने, बिस्किटांचे डबे मोजत. याला काय कळतं पदकातलं?"

"बिस्किटांवर जाऊ नकोस हं," विल्फ्रीदो म्हणाला. "मी तीन दुकानांत दाखवलं. तिघंही तेच म्हणाले. आणि तू याची बाजू घेतेस? गेल्या वर्षी इथेच, बाबा समोर पेटीत असताना, तू माझ्याशी भांडलीस. पदक रीतीप्रमाणे बाबांबरोबर जाऊ दे म्हणालीस. मी म्हणालो, नातवाला. आणि हा? मयतांच्या घरी पदकं उचलण्यात जन्म गेला याचा, हा तोंडात गुळणी धरून उभा. मला वाटलं, माझी बाजू घेतोय. मनात म्हटलं, चला, एकदा तरी भावासारखा वागला."

ब्लासिदाने एलादियोकडे पाहिलं. या एका गोष्टीसाठी ती त्याच्याशी सात-आठ महिने बोलली नव्हती. मग ईस्टरला चीज घेऊन आली आणि विषय काढला नाही. आता तो विषय तिच्या चेहऱ्यावर परत आलेला त्याला दिसला.

"का गप्प बसला होतास?" तिने विचारलं.

"तुम्ही दोघं बोलत होतात ना."

"हे उत्तर झालं?"

"बाबांचा साचा असेल की," मिर्ता म्हणाली. "भाऊजी मेलेल्या उंदराचासुद्धा साचा ठेवतील. त्यात घालून बघू. दूध का दूध."

"हो, आण," ब्लासिदा एकदम उठली. "आण एली. बसेल त्यात नीट, आणि यांची तोंडं बंद होतील."

मागच्या खोलीत ती त्याच्या पुढेच घुसली. इथे खिडकी एकच, आणि भिंत दिसतच नव्हती. खालपासून वरपर्यंत पांढरे, पिवळट, विटकरी गोल, खिळ्याखिळ्याला एक. बाहेरच्या प्रार्थनेचा आवाज इथे जास्त जवळ होता, मधे एक फळ्यांचं दार तेवढं. एलादियोने पेटीतून साचा काढला. नाही सापडला, असं म्हणता आलं असतं. पण त्याला कधी काही सापडलं नाही असं झालंच नव्हतं, आणि ते ब्लासिदाला माहीत होतं.

विल्फ्रीदोने पदक साच्यात ठेवलं.

ते बसलं नाही. एका बाजूने वर राहिलं, आणि दुसऱ्या बाजूला काठ आणि प्लास्टर यांच्यामध्ये मिर्ताचं लाल नख सहज आत गेलं.

"ओतलेलं निवताना आकसतं," एलादियो म्हणाला. सवयीने तोंडातून गेलं.

"ऐका! मास्तर शिकवतायत!"

"आणि इथे हे उंच काय आहे?" ब्लासिदा साच्याच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली. "यावर अडतंय ते."

"खऱ्याला तिथे खाच होती."

"म्हणजे खरं वेगळं होतं हे तुला ठाऊक होतं," विल्फ्रीदो म्हणाला. आवाज आता खाली आला होता. आवाज खाली आला की विल्फ्रीदो बाबांसारखा दिसायचा. "बाबांनी ही नक्कल लावून सलाम घेतले का रे? इतक्या वर्षांच्या संचलनात? म्हातारा छातीवर काय लावून फिरतोय हे तुला माहीत होतं, आणि तू रोज त्याचं जेवण वाढत होतास?"

"देवाच्या कोकरा," दारापलीकडे न्या तोमासा म्हणाली, "आम्हाला क्षमा कर."

"थांबा," ब्लासिदा म्हणाली. "थांबा, थांबा." ती भिंतीकडे पाहत होती. लहानपणी गणित सोडवताना व्हायचे तसे तिचे ओठ हलत होते. "पदक कुणी लांबवलं, म्हणजे ते कुणाकडे तरी गेलं. बरोबर? ज्याच्याकडे गेलं तोही शिपाईच असणार, नाहीतर मिरवेल कशाला? आणि शिपाई मेला की बोलावतात कोणाला? याला! याने स्वतःच्या हाताने त्याचा ठसा घेतला असणार, आणि या येड्याला कळलंसुद्धा नसणार."

"मला कळलं असतं, ताई."

"तुला काय कळतं रे? समोर पातेलं उतू गेलेलं कळत नाही तुला!" आणि ती हसली. खरंच हसली, कारण तिला त्याला सोडवायची वाट सापडली होती. "खालच्या फांदीखाली खाच. एवढंच शोधायचं. दादा, सरक."

तिने पहिल्या ठशावर अंगठा ठेवला. काठावरून खाली नेला. पुढचा. पुढचा.

"सापडलं तर बरंच," विल्फ्रीदो म्हणाला. "मी ते जिथे असेल तिथून काढीन. जमिनीत असलं तरी. न्यायाधीशाचा हुकूम आणीन, थडगं फोडीन, पण बापाचं पदक भलत्याच्या छातीवर कुजू देणार नाही."

ब्लासिदा एकेकाच्या नावानिशी चालली होती. सगळे गावातलेच. "हा चांभार. गुळगुळीत. हा नावाडी, एका हाताचा. गुळगुळीत. हा तुझा तो बॅण्डवाला, एली, याच्या मयताला पाऊस होता बघ..."

आस्तेरियो त्याच रांगेत होता, पुढे चार खिळ्यांवर. एलादियोला तो पाहावा लागत नव्हता. भिंतीवरचा प्रत्येक ठसा कुठे आहे ते त्याला अंधारातही माहीत होतं, आणि हा तर त्याच्या पलंगावरून समोरच दिसायचा. बाबांनी आणि त्याने मिळून केलेली तेवढी एकच गोष्ट होती. सांगितलं, तर तो सुटत होता. तीन वाक्यांत. ब्लासिदा त्याला मिठी मारील, विल्फ्रीदो खांद्यावर थाप मारून म्हणेल, आधी नाही का बोलायचं, गाढवा. सगळे मिळून कोसिदो पितील. आणि दाराच्या पलीकडे एक बाई पुन्हा पळपुट्याची बायको होईल, आणि विल्फ्रीदो कुदळ घेऊन तिच्या नवऱ्याकडे जाईल.

"हा खाटिक. गुळगुळीत." ब्लासिदाने अंगठा पुढच्यावर नेला. "हा कोण रे?"

"मी विकलं," एलादियो म्हणाला.

तिचा अंगठा तिथेच राहिला.

"काय?"

"बाबांचं पदक. मी विकलं. नक्कल करून त्यांच्या डबीत ठेवली. त्यांना कळलं नाही."

"कोणाला?" विल्फ्रीदोने विचारलं.

"एक परदेशी आला होता. नाव विसरलो."

"आणि पैसे?"

एलादियोला पैशाचा विचार करावा लागला. "प्लास्टर आणलं," तो म्हणाला.

मिर्ताच्या तोंडातून हसू फुटलं, आणि मग तिलाच ते आवडलं नाही. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. ब्लासिदाने हात भिंतीवरून काढला. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली होती. ती तिने झग्याला पुसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"मी तुझ्यासाठी भिंत चाचपत होते रे," ती म्हणाली.

विल्फ्रीदोने पदक साच्यातून उचललं, तळहातावर तोललं, आणि एलादियोच्या पलंगावर टाकलं. "ठेव. तुझंच आहे ते." दारापर्यंत गेला आणि थांबला. "या घरातून तुला कोणी काढणार नाही. ब्लासिदाला आवडणार नाही ते. पण मी गेलो की माझ्या मयताला येऊ नकोस. तो डबा घेऊन तर नाहीच."

बाहेर 'आमेन' झालं. खुर्च्या सरकल्या. ब्लासिदाने स्वयंपाकघरातून क्रूसाचं कापड उचललं आणि अंगणात माणसांमध्ये जाऊन उभी राहिली. एलादियो टोपी घेऊन निघाला, तेव्हा ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तू नको. बाबांच्या क्रूसाला तू हात लावू नकोस."

माणसं लाल धुळीत, वाऱ्याच्या विरुद्ध, टोप्या धरून वरच्या रस्त्याने गेली. चिपाच्या टोपल्या त्यांनी बरोबर नेल्या. कोसिदोचं पातेलं तसंच राहिलं.


काठ

"करपलाय," पुढच्या खोलीतून आवाज आला.

न्या तोमासा तिच्या खुर्चीतच होती. गुडघ्यांमुळे तिला हल्ली चढ चढवत नाही. प्रार्थना तिची, दफनभूमी इतरांची.

"कोसिदोला साखर करपवावीच लागते, न्या तोमासा."

"करपवावी लागते रे बाबा. जाळावी लागत नाही. आण तरी एक कप."

त्याने दोन कप आणले. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेतला. डोळ्यांवर तिच्या आता साय धरली होती. ती आवाजाच्या दिशेने जरा बाजूला पाहायची.

"भांडत होतात."

"होतं घरात."

"माझे डोळे गेलेत, कान जागेवर आहेत. तू काहीतरी विकलंस म्हणे."

"बाबांचं पदक."

म्हातारीने कप मांडीवर ठेवला. बाहेर संत्र्याच्या झाडावर वारा आपटत होता. एलादियोला वाटलं ही आता उठेल, आपली शाल उचलेल, हीसुद्धा जाईल.

"कराई दिग्नो रागावले नसते," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ वस्तू टिकायचीच नाही. आमचा हा सांगायचा, रानात स्वतःच्या वाटणीचं पाणी दुसऱ्याला पाजायचे. म्हणून तर याला जावं लागलं पाणी आणायला." मग हात पुढे केला. "आण. आलेय तर भेटून जाते."

या घरी आली की ती हे मागायचीच. एलादियो मागच्या खोलीत गेला. पलंगाशेजारच्या फळीवर कानस होती, प्लास्टरच्या कडा घासायची बारीक कानस. त्याने आस्तेरियोचा ठसा खिळ्यावरून उतरवला आणि कानस उचलली. एक इंच घासलं की झालं. मग ब्लासिदा उद्या परत आली, परवा आली, डोकं शांत झाल्यावर तिला खाटकाच्या पुढचा ठसा आठवला, तरी काही सापडणार नाही. त्याने आयुष्यात एकाही ठशाला कानस लावली नव्हती.

"मिळाला नाही की काय?"

"आणतो."

कानस हातात तशीच घेऊन तो बाहेर आला. तिने ठसा दोन्ही हातांत घेतला, मांडीवर उलटा केला, सुलटा केला, आणि तिचा अंगठा काठाने फिरत फिरत खाली गेला आणि खाचेत बसला.

"हा," ती म्हणाली. "आता दिसत नाही ना, म्हणून यावरून ओळखते. नाहीतर तू मला चांभाराचा हातात देशील आणि मी त्याच्या गळ्यात पडेन." ती स्वतःच्या विनोदावर हसली. "गोळी घासून गेली असेल का रे इथून?"

"असेल."

"आठवतं? त्या दिवशी तू म्हणालास, हात लावा. किती गरम होतं! मला वाटलं, बघा, आता उठून बसतो की काय हा माणूस." अंगठा खाचेतून हलला नव्हता. "पुढच्या वर्षी मला इथवर येणं झेपेल असं वाटत नाही, एली."

एलादियोने कानस खिशात टाकली. तिची शाल खुर्चीच्या पाठीवर होती. ती घेऊन त्याने तिच्या हातातला ठसा हळूच सोडवला, शालीच्या टोकात गुंडाळला आणि गाठ मारली.

"हे काय करतोस?"

"घेऊन जा."

"ठसा घराबाहेर जात नाही म्हणायचास ना? एकदा पाद्र्याला हाकलून दिलंस."

"जातो एखादा."

तिने पुरचुंडी छातीशी धरली. गावातली एक बाई तिला न्यायला दाराशी आली, आणि दोघी सावकाश रस्त्याच्या खालच्या अंगाला गेल्या. एलादियो वळणापर्यंत पाहत राहिला. म्हातारी एका हाताने त्या बाईला धरून होती. दुसरा हात शालीच्या आत होता.

वरच्या रस्त्यावरून गाड्यांचे आवाज आले. दफनभूमीतून परतताना घराशी थांबतात, पातेलं संपवतात, मग निघतात, अशी रीत आहे. पहिली गाडी विल्फ्रीदोची. ती थांबली नाही. ब्लासिदा दुसरीत होती. ती फाटकाशी जरा हळू झाली, किंवा पुढे खड्डा होता.

त्याने पातेलं परसात नेऊन ओतलं. कप धुतले. पुढच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या.

मागच्या खोलीत आता एक खिळा रिकामा होता, पलंगासमोरच. पदक पलंगावर पडलं होतं, विल्फ्रीदोने टाकलं तिथेच. त्याने ते उचललं. मागची बाजू बाबांच्या सदऱ्याला घासून घासून आरशासारखी झाली होती. इतक्या वर्षांची संचलनं त्यावर होती, ऊन होतं, घाम होता. त्याने फितीचं भोक खिळ्याला अडकवलं आणि तो पलंगावर बसला. मग पुन्हा उठला, पुढे गेला, आणि काठावरून अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत, फांदीच्या टोकाखालून, परत वर.

सगळीकडे गुळगुळीत.